विंचू, घाट आणि मोबाइलवरचं ग्रंथालय

भोरहून वरंध घाट उतरलं की महाड. तिथल्या डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा विंचूदंशावरचा शोधनिबंध २०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला: प्राझोसिन या औषधाच्या जोडीला प्रतिविष दिलं, तर रुग्ण लवकर सावरतो. भोर-वेल्ह्यातला डॉक्टर आज हा निबंध मोबाइलवर फुकट वाचू शकतो. शोधायचा ‘पबमेड’वर; वैद्यकीय निबंधांची ही सूची १९९७ पासून सर्वांना खुली आहे.

सगळेच निबंध मात्र फुकट नसतात. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सरकारी योजनेत सुमारे १३ हजार नियतकालिकं आली, पण ती सरकारी शिक्षण-संशोधन संस्थांपुरती. गावात स्वतःचा दवाखाना थाटलेल्याला हे दार बंदच. शिवाय दुर्गम भागात रेंजचा भरवसा नसतो; लागणारे लेख आधीच उतरवून ठेवा.