बांध, बारा वर्षं आणि बंद दार

पाटण म्हटलं की आपल्याला साताऱ्याकडचं, कोयनाकाठचं पाटण आठवतं. हे पाटन वेगळं. जबलपूरपासून तीसेक किलोमीटरवरचं, काळ्या जमिनीचं, गहू-हरभऱ्याचं आणि मटारचं तहसिलीचं गाव. या पट्ट्यातली शेतीची जुनी पद्धत ‘हवेली’ नावाने ओळखली जाते. हवेली म्हणजे इथे वाडा नव्हे. शेताला चारही बाजूंनी उंच बांध घालायचे, पावसाळाभर पाणी आत कोंडून ठेवायचं, पाऊस सरला की ते सोडून द्यायचं आणि मुरलेल्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. बांधाला तिकडे ‘मेड’ म्हणतात. हवेलीच्या शेतात मेड नुसती हद्द दाखवत नाही, ती तळ्याची भिंतही असते. मग तिच्यावरून भांडणं होणं ओघानंच आलं.

बांध कोरणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. शेजारी दरवर्षी नांगर थोडा आत घालतो. एका वर्षी वीतभर, पुढच्या वर्षी आणखी वीतभर. कुणी बोललं की म्हणतो, ‘अहो, बैल जरा सरकला.’ पुढे बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, पण सरकणं तेच राहिलं. वैताग अनावर झाला की शेतकरी वकिलाकडे जातो आणि आजोबांपासूनची हकिगत सांगू लागतो. वकील त्याला मध्येच थांबवून विचारतो, ‘कधीपासून?’ जमीन कुणाची, हा प्रश्न त्यानंतरचा.

या ‘कधीपासून’मागे १९६३ चा मुदत कायदा उभा आहे. तो १ जानेवारी १९६४ पासून लागू झाला. कुठल्या दाव्याला किती अवधी आणि तो कोणत्या दिवसापासून मोजायचा, याचा तक्ताच त्याला जोडलेला आहे. उसनवार पैसे, करार मोडणं, दस्त रद्द करून घेणं यांना साधारण तीन वर्षं. छापून झालेल्या बदनामीच्या भरपाईसाठी अवघं एक वर्ष. मालकीच्या जोरावर जमिनीचा ताबा परत मागायचा असेल तर बारा वर्षं, आणि ती समोरच्याचा कब्जा मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे सुरू झाल्यापासून. तक्त्यात जे कुठेच बसत नाही, त्यालाही तीन वर्षं.

कायद्याचं तिसरं कलम मोठं कडक आहे. दावा मुदतीबाहेर असेल तर प्रतिवादी गप्प बसला तरी न्यायाधीशाने तो स्वतःहून फेटाळला पाहिजे. अपिलाला किंवा अर्जाला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून विलंब माफ करून घेता येतो. मूळ दाव्याला ती सोय नाही. तिथे एक दिवस उशीर झाला तरी दावा गेला. मराठीत याला वरातीमागून घोडं म्हणतात. कोर्टात त्याच घोड्याला ‘मुदतबाह्य’ म्हणतात.

ही कठोरता कशासाठी? माणसं विसरतात, साक्षीदार मरतात, पावत्यांना वाळवी लागते. चाळीस वर्षांपूर्वीच्या सौद्यावर नातवाला कोर्टात खेचलं, तर तो बिचारा काय पुरावा देणार? ज्याने इतकी वर्षं ते शेत आपलं समजून विहीर खणली, झाडं लावली, त्यालाही कधीतरी निर्धास्त झोपता यावं, असा यामागे विचार आहे.

पैसा आणि जमीन यांच्या बाबतीत मात्र हा कायदा दोन वेगळ्या चाली चालतो. उसने दिलेले पैसे तीन वर्षांत मागितले नाहीत, तर दावा मरतो, कर्ज मरत नाही. देणेकऱ्याला लाज वाटून त्याने ते नंतर फेडलं, तर ‘मुदत संपली होती’ म्हणून पैसे परत मागता येत नाहीत. मुदत संपलेल्या कर्जाबद्दल त्याने सही करून नवं वचन लेखी दिलं, तर तो करार बंधनकारक ठरतो. जमिनीचं तसं नाही. सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे ताबा मागायची मुदत संपली की मालकाचा हक्कच विरतो. सातबारावर नाव राहिलं तरी आत काही उरत नाही. पाटनमध्ये सातबाऱ्याच्या जागी खसरा असतो आणि तलाठ्याच्या जागी पटवारी, पण नियम तोच. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. अशा कब्जाच्या जोरावर हक्क मिळवलेला माणूस फक्त बचावच करू शकतो असं नाही, तो स्वतः दावाही लावू शकतो, असं त्या निकालाने ठरवलं.

म्हणून बांध कोरणाऱ्याला सगळं फुकट मिळतं, असं समजू नये. विरुद्ध कब्जा सांगणाऱ्यालाच तो सिद्ध करावा लागतो. तो उघड होता का, सलग होता का, मालकाचा हक्क नाकारून होता का? कोणता तुकडा, आणि कोणत्या वर्षापासून? वीत-वीत सरकलेल्या मेडीबद्दल या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना भल्याभल्यांना घाम फुटतो. शिवाय मालकाच्या परवानगीने कसणारा कुळवाडी किंवा सामाईक जमीन कसणारा भाऊ कितीही वर्षं तिथे राबला, तरी एवढ्यावर मालक होत नाही.

काळ जसा काढून घेतो तसा देतोही. हवेलीतलं पाणी खालच्या शेतातून वाट काढत जातं. ही वाट कुणी वीस वर्षं उघडपणे, अडथळ्याशिवाय, हक्काने वापरली तर तो त्याचा वहिवाटीचा हक्क होतो. मग खालच्याने ती बुजवली, तर दोन वर्षांच्या आत कोर्टात गेलं पाहिजे. एकाच मेडीवर अशी दोन घड्याळं चालू असतात. एक बारा वर्षांचं, एक वीस वर्षांचं.

कायद्याने काही खिडक्याही ठेवल्या आहेत. हक्कदार अज्ञान असेल तर सज्ञान झाल्यावर त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. फसवणुकीने गोष्ट लपवली असेल, तर ती उघडकीस आल्यापासून किंवा नीट लक्ष घालून उघडकीस येऊ शकली असती तेव्हापासून काळ मोजतात. मुदत संपण्याआधी समोरच्याने देणं कबूल करून सही दिली, तर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. प्रामाणिकपणे, नेटाने, पण अधिकार नसलेल्या कोर्टात घालवलेला काळ वगळता येतो. सरकारवर दावा करण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तेवढे दिवसही मोजत नाहीत. तराजू मात्र अगदी सारखा नाही. नागरिकाला जमिनीसाठी बारा वर्षं मिळतात, सरकार दावेदार असेल तर तीस.

आता दुसरा प्रश्न. दावा कशासाठी करता येतो? दिवाणी प्रक्रिया संहितेचं नववं कलम उदार आहे. स्पष्टपणे किंवा ओघाने मनाई नसेल, तर दिवाणी स्वरूपाचा कुठलाही दावा कोर्टाने ऐकायचा. ‘दिवाणी स्वरूपाचा’ या दोन शब्दांत सगळी गंमत आहे. मुंबई इलाख्यात १८२७ च्या नियमांनीच जातीच्या प्रश्नांत कोर्टांनी पडू नये, असं सांगितलं होतं. देवळातला नुसता मान, म्हणजे प्रसाद आधी कुणाला, तीर्थ आधी कुणाला, हा दाव्याचा विषय होत नाही. त्या मानामागे वतनाचं किंवा सेवेचं पद असेल, तर त्या पदासाठी दावा चालतो, भले त्याचा निवाडा धार्मिक विधींवर अवलंबून असो. मध्य प्रदेशात महसुलाच्या कित्येक बाबी तिथल्या जमीन महसूल संहितेने दिवाणी कोर्टाबाहेर ठेवल्या आहेत. बांधाचं सीमांकन तहसीलदाराकडे, मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात. एकदा निकाल लागलेला वाद त्याच पक्षांत पुन्हा उकरता येत नाही, ही आणखी एक कडी.

हे सगळे नकार त्रास देतात, पण ते आधीपासून छापलेले असतात. पाटनच्या कोर्टातला शेतकरी ‘उशीर झाला’ किंवा ‘हे इथे नाही’ एवढंच ऐकून परततो. जबलपूरच्या नावाने मात्र या देशाने याहून फार वेगळा नकार ऐकला.

जबलपूरचं उच्च न्यायालय आपल्याला परकं नाही. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, नागपूरचं उच्च न्यायालय संपलं आणि मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय जबलपूरला बसलं. नागपूरचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला तिथले पहिले मुख्य न्यायाधीश झाले. या न्यायालयात १९७५ मध्ये शिवकांत शुक्ल यांच्या स्थानबद्धतेविरुद्धचा अर्ज आला. २५ जूनला आणीबाणी लागली होती. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यघटनेतल्या १४, २१ आणि २२ या अनुच्छेदांखालच्या हक्कांसाठी कुठल्याही कोर्टात जायचा अधिकार आणीबाणीपुरता स्थगित झाला होता. तरीही स्थानबद्धतेचा हुकूम निदान स्थानबद्धतेच्या कायद्याला धरून आहे की नाही, हे आम्ही तपासू शकतो, असं जबलपूरच्या न्यायालयाने म्हटलं. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी असाच सूर लावला. मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही त्यात होतं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी अपीलदार, म्हणून खटल्याचं नाव पडलं ‘एडीएम जबलपूर’.

स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत सासवडचे वि. म. तारकुंडे होते. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलं, की पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का? डे यांचं उत्तर त्यांच्या युक्तिवादाला धरून होतं. आणीबाणी आहे तोवर, नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला. असा अर्ज घेऊन उच्च न्यायालयात यायचा अधिकारच कुणाला नाही, असं बहुमताने ठरवलं. सरन्यायाधीश अजितनाथ रे, मिर्झा हमीदुल्ला बेग, पुण्याचे यशवंत चंद्रचूड आणि प्र. न. भगवती हे चौघे एका बाजूला, खन्ना एकटे दुसऱ्या. पुढच्या जानेवारीत ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

दोन नकारांतला फरक इथे आहे. मुदतीचा कायदा म्हणतो, तुला बारा वर्षं होती, तू झोपलास. १९७६ चा निकाल म्हणत होता, तू जागा आहेस, वेळेत आलास, तुझं म्हणणं कदाचित खरंही असेल, पण तुझ्यासाठी दारच नाही. पहिल्या नकारात आळसाची शिक्षा आहे. दुसऱ्यात माणसाने केलेली चूकच सापडत नाही.

दार पुन्हा उघडलं ते हप्त्या-हप्त्याने. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टात जाण्याचा अधिकार आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असं पक्कं केलं. याच भगवतींनी ३० डिसेंबर १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालात, जो स्वतः कोर्टापर्यंत पोहोचू शकत नाही त्याच्यासाठी दुसराही कुणी दाद मागू शकतो, नुसतं पत्रही चालेल, असं लिहून जनहित याचिकेचा रस्ता रुंद केला. मूळ निकाल मात्र कागदावर तसाच राहिला. तो रद्द झाला २४ ऑगस्ट २०१७ रोजी, गोपनीयतेच्या खटल्यात. ते निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे यशवंत चंद्रचूड यांचे चिरंजीव. सर्वोच्च न्यायालयात फेरविचाराच्या अर्जाला तीस दिवसांची मुदत असते. इथे चूक मान्य व्हायला एकेचाळीस वर्षं लागली, आणि ज्यांनी तुरुंगात महिने काढले त्यांना त्यातून एक दिवसही परत मिळाला नाही.

म्हणून मुदतीवर चिडताना थोडं थांबावं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणतो. पण ती पायरी असणं आणि ती चढायला ठरावीक वर्षं मिळणं, ही केवढी मोठी गोष्ट आहे हे जबलपूरने दाखवलं. उघडं दार मिळालंय, तर उशीर आपल्या बाजूने होऊ नये, एवढंच हातात आहे. पाऊस सरल्यावर हवेलीचं पाणी उतरतं आणि मेड पायथ्यापर्यंत उघडी पडते. पेरणीची घाई सुरू व्हायच्या आधी तिच्या कडेने एक फेरी मारावी, फूटपट्टीने मोजावं आणि वहीत तारीख टाकावी.