गणपतचं खरं नाव काय?

घरात नळाचं काम निघालं की प्लंबर पहिल्यांदा विचारतो, ‘जीआय टाकायचा की प्लास्टिकचा?’ जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड आयर्न, जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन सैनिक ज्या नावानं जगाला माहीत झाला, ते ‘जीआय’ याच लोखंडातून आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी लष्कराच्या सामानाच्या यादीत बादल्या आणि कचऱ्याचे डबे यांच्यापुढे ही दोन अक्षरं लिहीत. पुढे त्यांचा अर्थ ‘गव्हर्न्मेंट इश्यू’, म्हणजे सरकारी पुरवठा, असा लावला जाऊ लागला. मग बूट, साबण, गणवेश सगळंच जीआय झालं आणि शेवटी ते वापरणारा माणूसही. परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी आणि घरासाठी मदत देणारा कायदा अमेरिकेनं १९४४ मध्ये केला, तोही ‘जीआय बिल’ म्हणूनच ओळखला जातो.

बादलीवरची अक्षरं अशी माणसाला चिकटली. ब्रिटिश सैनिकाचं नाव मात्र कागदातून आलं. आपल्याकडे ‘टॉमी’ म्हटलं की दारातला कुत्रा डोळ्यांसमोर येतो, पण इंग्लंडात टॉमी म्हणजे साधा सैनिक. पूर्ण नाव टॉमी ॲटकिन्स. १८१५ मध्ये ब्रिटिश युद्धखात्यानं सैनिकाच्या हिशेबवहीचा नमुना छापला. आपण बँकेत गेल्यावर फॉर्म कसा भरायचा ते दाखवणारा भरलेला कागद भिंतीवर लावलेला असतो, तसाच तो प्रकार. नमुन्यात कोणाचं तरी नाव हवं, म्हणून ‘थॉमस ॲटकिन्स’ घातलं. लढाईत जखमी होऊन पडलेल्या एका शूर ॲटकिन्सची आठवण ठेवून सेनापती वेलिंग्टननंच हे नाव सुचवलं, अशी कथा सांगतात. कथा हृद्य आहे, पण तिला कागदोपत्री आधार नाही. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगनं १८९० मध्ये ‘टॉमी’ ही कविता लिहिली आणि हे नाव घराघरांत पोचलं. शांततेच्या काळात ज्याला दारात उभं करत नाहीत, त्यालाच युद्ध आलं की डोक्यावर घेतात, ही त्या सैनिकाची तक्रार तिच्यात आहे.

फ्रेंचांनी पहिल्या महायुद्धातल्या आपल्या सैनिकाला ‘पोइल्यू’ म्हटलं. शब्दाचा अर्थ केसाळ. खंदकाच्या चिखलात दाढी करायला मिळेना म्हणून हे नाव पडलं, असं बरेचजण मानतात. पण शब्द त्याहून जुना आहे. बाल्झॅकच्या १८३३ च्या एका कादंबरीत तो धाडसी माणसासाठी येतो. मिशीला पीळ भरणाऱ्या मराठी माणसाला केस आणि मर्दुमकी यांचं हे नातं वेगळं समजावून सांगायला नको. गंमत अशी, की खंदकातले सैनिक स्वतःला पोइल्यू फारसं म्हणवून घेत नसत. आपापसात ते ‘बोनोम’ म्हणत, म्हणजे आपला गडी. पोइल्यू हे मागे सुखरूप असलेल्यांनी आणि वर्तमानपत्रांनी उचलून धरलेलं नाव. फ्रान्सचा शेवटचा पोइल्यू लाझार पोंतिसेली १२ मार्च २००८ रोजी ११० व्या वर्षी वारला. जन्मानं तो इटालियन होता.

तुर्कांचा शब्द सगळ्यांत मायेचा. ‘मेहमेतचिक’, म्हणजे छोटा मेहमेत. आई अंगणातून लेकाला हाक मारते, तसं हे नाव आहे. शत्रूला दिलेलं नाव मात्र कुठल्या कुठे जातं. ब्रिटिश सैनिक जर्मनांना ‘जेरी’ म्हणत. जर्मनांचा वीस लिटरचा मजबूत पत्र्याचा डबा उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांच्या हाती लागला आणि त्याचं नाव पडलं जेरीकॅन. डिझेल आणायला आपण आजही तेच नाव घेऊन पंपावर जातो.

आपल्याकडेही ही देवाणघेवाण झाली. इंग्रजांच्या सोल्जरचा आपण ‘सोजीर’ केला आणि आपल्या शिपायाचा त्यांनी ‘सिपॉय’. पुढे फौजेत प्रांताप्रांताची नावं रुळली. मद्रास रेजिमेंटचा जवान ‘थंबी’, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान ‘गणपत’. दर गावात, दर वाडीत एखादा गणपत असायचाच, म्हणून ते सगळ्यांचं नाव झालं. १७६८ पर्यंत मागे जाणारी परंपरा असलेल्या या रेजिमेंटमध्ये हे नाव अभिमानानं घेतलं जातं.

पण या अभिमानाला एक दुखरी बाजू आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कूत अल् अमारा इथे १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी सुमारे पाच महिने वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौजेला शरण जावं लागलं. त्यानंतरच्या कैदेत किती तरी जण मेले. त्या मोहिमेत ज्यांची कबर सापडली नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली गेली. भारतीय शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीचं नाव आणि मेलेल्यांचा आकडा एवढंच आलं. राष्ट्रकुलाच्या युद्धस्मृती आयोगानं हा भेदभाव २०२१ मध्ये जाहीरपणे मान्य केला आणि माफी मागितली.

हाच आकडा आपल्या गावांतही आहे. सातारा आणि रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर. नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात पडले. गावाला आज सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. गावालाही टोपणनाव मिळालं, पण ते ४६ कोण होते, हे किती जणांना सांगता येईल?

टोपणनावात प्रेम असतं, हे खरं. पण हजारो माणसांना एकच नाव दिलं की त्यातला एकेक माणूस हरवतो. या दिवाळीत गावी जाल तेव्हा ती पाटी जरूर बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आपल्यातलं लढाईला कोण गेलं होतं, कुठल्या पलटणीत होतं, परत आलं का. जे नाव सांगतील ते वहीत लिहून ठेवा. पाटीवर जे कोरलं गेलं नाही, ते निदान आपल्या हातानं लिहिलं जाऊ द्या.