दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट?

“आईला झाला होता, म्हणजे मलाही होणार का?” स्तनाच्या कॅन्सरबद्दल बायका डॉक्टरांना हमखास विचारतात तो हा प्रश्न. त्याला बऱ्याचदा एका शब्दाचं उत्तर मिळतं : धोका दुप्पट. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. कशाच्या दुप्पट, कितव्या वयापर्यंत आणि हा आकडा काढला कसा, हे कळलं नाही तर एकीची झोप उडते. दुसरी, जिच्या घरात कोणालाच हा आजार नव्हता, ती उगाच निर्धास्त राहते. मला या दुसरीची काळजी जास्त वाटते. का, ते पुढे येईलच.

काही घराण्यांत हा रोग पुन्हापुन्हा दिसतो हे जुनं निरीक्षण आहे. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ साली आपल्या पत्नीच्या घराण्यातल्या चार पिढ्यांची नोंद प्रसिद्ध केली होती. पण अशा एका घराण्यावरून धोका मोजता येत नाही. ते घराणं नजरेत भरलं, तेच मुळी त्यात रोगी खूप होते म्हणून. ज्या घरात एकीलाच हा आजार झाला, त्या घराची वंशावळ काढायला कोण बसतं? त्यामुळे मोजणी करायची तर आधी बायका निवडाव्या लागतात, घराण्यांची चौकशी त्यानंतर. ब्रिटनमध्ये जॅनेट लेन-क्लेपन यांनी १९२६ साली हेच केलं. स्तनाचा कॅन्सर झालेल्या ५०० बायका आणि न झालेल्या ५०० बायका घेतल्या आणि दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारले. ही पद्धत आजही वापरात आहे.

तिचं सर्वांत मोठं फळ २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. निरनिराळ्या देशांतले ५२ अभ्यास एकत्र करून कॅन्सर झालेल्या ५८,२०९ आणि न झालेल्या १,०१,९८६ बायकांची माहिती त्यात तपासली होती. प्रश्न साधा होता : आई, सख्खी बहीण किंवा मुलगी यांपैकी कोणाला स्तनाचा कॅन्सर झाला होता का? रुग्ण बायकांपैकी ७,४९६ जणींनी ‘हो’ सांगितलं, उरलेल्या ५०,७१३ जणींनी ‘नाही’. निरोगी गटात ‘हो’ म्हणणाऱ्या ७,४३८ आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या ९४,५४८.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसा. रुग्णांच्या गटात दर १०० ‘नाही’मागे १४.८ ‘हो’ पडतात, निरोगी गटात ७.९. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की १.९च्या आसपास उत्तर येतं. ‘दुप्पट’ येतो तो इथून. वय वगैरे गोष्टींचा मेळ घालून संशोधकांनी पक्का हिशेब केला, तेव्हा जवळची एक नातेवाईक रुग्ण असेल तर धोका १.८० पट, दोघी असतील तर २.९३ पट आणि तिघी किंवा जास्त असतील तर ३.९० पट निघाला.

पण पट हा नुसता गुणाकार आहे. कशाला गुणायचं, ते वेगळं शोधावं लागतं. श्रीमंत देशांसाठी त्याच संशोधकांनी तेही मांडलं आहे. जवळची कोणीच रुग्ण नसेल, तर वयाच्या ८० वर्षांपर्यंत १०० पैकी ७.८ बायकांना हा कॅन्सर होतो. एक रुग्ण असेल तर १३.३ जणींना, दोघी असतील तर २१.१ जणींना. म्हणजे आईला झालेला असला, तरी १०० मुलींपैकी ८६-८७ जणींना ८० वर्षांपर्यंत तो होत नाही. ‘दुप्पट’ ऐकून हादरलेल्या मुलीला हा आकडा सांगायलाच हवा. भारतात मुळातलं प्रमाण कमी आहे. कॅन्सर नोंदणीच्या आकड्यांवरून, ७५ वर्षांपर्यंत साधारण २९ बायकांमागे एकीला हा रोग होतो, म्हणजे शंभरात तीन-साडेतीन. त्याला १.८ ने गुणलं तर सहाच्या आसपास येतात. अर्थात ते ५२ अभ्यास बहुतेक श्रीमंत देशांतले होते, तेव्हा आपल्याकडे हा गुणाकार अंदाजापुरताच घ्यावा.

आणि आता ती निर्धास्त बाई. वरच्याच आकड्यांकडे पुन्हा पाहा : ५८,२०९ रुग्णांपैकी ५०,७१३ जणींची आई, बहीण, मुलगी यांपैकी कोणालाही हा आजार नव्हता. शंभरात ८७. “आमच्याकडे नाही कोणाला” म्हणून गाठ अंगावर काढणाऱ्या बाईला हा आकडा कोणी वेळेवर सांगितला पाहिजे.

मोजणीत खाचखळगेही आहेत. ज्या बाईला स्वतःला कॅन्सर झाला, ती घरातला आजार आठवून आठवून, फोन करून शोधते. निरोगी बाई प्रश्नावली भरून मोकळी होते. यामुळे रुग्णांच्या गटात ‘हो’ फुगण्याचा धोका असतो. स्वीडनने यावर चांगला उपाय काढला. तिथे आईवडील आणि मुलं यांची सरकारी नोंद कॅन्सरच्या नोंदवहीशी जोडता येते, त्यामुळे कोणाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही. आपल्याकडे अडचण उलटी आहे. आजाराचं नावच घेतलं जात नसे. “तिला गाठ आली होती”, “पोटात पाणी झालं होतं” एवढंच पुढच्या पिढीला माहीत असतं. पोटात पाणी झालेली आजी यकृताच्या आजाराने गेली की बीजाशयाच्या कॅन्सरने, हे आता कोण सांगणार? पण धोका मोजताना त्या दोन उत्तरांत फार फरक पडतो, कारण स्तनाचा आणि बीजाशयाचा कॅन्सर एकाच घराण्यात दिसणं ही महत्त्वाची खूण असते.

दुसरा खळगा कुटुंबाच्या आकाराचा. चार बहिणींपैकी एकीला झाला आणि एकुलत्या एका बहिणीला झाला, यांत फरक आहे. जिला बहीणच नाही, तिच्या ‘नाही’ला फारसं वजन देता येत नाही. वयाचंही तसंच. आईला ७५व्या वर्षी झालेला कॅन्सर आणि ३५व्या वर्षी झालेला कॅन्सर मुलीच्या दृष्टीने सारखे नाहीत. नातेवाईक जितकी तरुण, तितका धोका वर जातो.

म्हणून जनुकीय समुपदेशक ‘हो की नाही’वर थांबत नाहीत, वंशावळ काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजार झालेल्याचं चिन्ह भरून काळं, वारलेल्यावर तिरकी रेघ, आणि समोर बसलेल्या व्यक्तीकडे बाण. समजा, ३८ वर्षांची एक बाई आहे. आई ठणठणीत, बहीण नाही. पण दोन आत्यांना चाळिशीत स्तनाचा कॅन्सर झाला आणि वडिलांच्या आईला बीजाशयाचा. अमेरिकेत १९८९ साली मिचेल गेल यांनी तयार केलेल्या गणिताला फक्त आई, बहीण आणि मुलगी दिसतात. त्या गणितात या बाईचा कौटुंबिक इतिहास शून्य येतो. केंब्रिजचं ‘बोडिशिया’ किंवा ‘टायरर-क्युझिक’ ही नंतरची गणितं वडिलांकडची बाजूही घेतात आणि आजार कितव्या वर्षी झाला तेही. त्यांना ही वंशावळ लगेच खटकते. वडिलांना आजार नाही, पण जनुकातला दोष त्यांच्याकडून आलेला असू शकतो. “माहेरचं सगळं सांगितलं” म्हणणाऱ्या बायकाही आईकडचंच सांगून थांबतात आणि आत्या राहून जाते, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

अशा वंशावळींमागचं जनुक शोधण्याचा रस्ता मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखवला. तरुणपणी कॅन्सर झालेल्या घराण्यांचा माग काढत त्यांनी त्याची जागा १७व्या गुणसूत्रावर नक्की केली. ‘बीआरसीए-१’ हे जनुक १९९४ मध्ये हाती आलं, ‘बीआरसीए-२’ त्याच्या पुढच्या वर्षी. यांतला दोष मुलग्यात किंवा मुलीत उतरण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, दोष असलेल्या बायकांचा ८० वर्षांपर्यंतचा धोका पहिल्या जनुकासाठी ७२ टक्के आणि दुसऱ्यासाठी ६९ टक्के निघाला. ज्यांच्या घरात रुग्ण जास्त, त्यांचा धोका त्याहूनही वर होता. म्हणजे जनुक कळलं तरी वंशावळ बाद होत नाही.

चाचणी करायची तर क्रम महत्त्वाचा. रक्त आधी आजार झालेल्या नातेवाईक बाईचं तपासायचं. वरच्या उदाहरणात एखादी आत्या हयात असेल तर तिचं. तिच्यात दोष सापडला आणि भाचीत तोच नसला, तर तिला तो वारसा मिळालेला नाही असं खात्रीने सांगता येतं आणि तिचा धोका सर्वसाधारण बाईच्या जवळपास येतो. आत्याला न तपासता थेट भाचीची चाचणी केली आणि काही आढळलं नाही, तर त्या रिपोर्टचे दोन अर्थ होतात : दोष तिच्यात उतरला नाही, किंवा घरातला दोष चाचणीला सापडणाऱ्यांतला नाही. कोणता अर्थ खरा, हे त्या कागदावरून कळत नाही.