सासरी बदललेलं नाव

‘फ्रेंड्स’मधला तो एपिसोड आठवतोय? रेचलला मुलगी झालीय, पण नावाचा घोळ काही संपत नाहीये. तेवढ्यात मोनिका स्वतःच्या भावी लेकीसाठी केव्हापासून जपून ठेवलेलं नाव सांगते : एमा. रेचलच्या डोळ्यांत पाणी! मग काय, मोनिका ते नाव चक्क देऊन टाकते.

ही गोष्ट २००२ची. अमेरिकेच्या सरकारी यादीत ‘एमा’ २००१मध्ये १३व्या नंबरवर होती. २००२मध्ये ती चौथी झाली, २००३मध्ये दुसरी आणि २००८मध्ये थेट पहिली! पुढे २०१४ ते २०१८, सलग पाच वर्षं तीच टॉपला. २०१९मध्ये ‘ऑलिव्हिया’ने तिला खाली खेचलं.

सगळं क्रेडिट सिरियलला देऊ नका हं. नाव आधीपासूनच वर चढत होतं. मुळात हे तिथलं ‘आजीचं नाव’. १८८०मध्ये ते अमेरिकेत तिसरं होतं, १९७०च्या दशकाच्या मध्यावर मात्र पहिल्या चारशेतही नव्हतं. आईच्या पिढीचं नाव काकूबाई वाटतं, पणजीचं मात्र एकदम क्यूट! गंमत म्हणजे त्याच दशकात इंग्लंडमध्ये एमा टॉप टेनमध्ये होती. स्पाइस गर्ल्समधली एमा बंटन तेव्हाचीच, १९७६ची. आणि एमा स्टोन? तिचं खरं नाव एमिली.

पण या नावाची खरी स्टोरी हजार वर्षांपूर्वीची आहे. १००२मध्ये नॉर्मंडीची राजकन्या एमा लग्न होऊन इंग्लंडला आली. नवरा राजा एथेलरेड. सासरच्यांना हे नाव परकं वाटलं. त्यांनी तिला अस्सल इंग्लिश नाव दिलं : एल्फगिफू. राजाच्या आजीचंही हेच नाव होतं. म्हणजे सूनबाईंना घराण्याचं रेडिमेड नाव!

एथेलरेड वारला. १०१७मध्ये तिने डेन्मार्कच्या क्नूटशी लग्न केलं. त्यानेही इंग्लंडचं राज्य जिंकलं होतं. दोन राजांची राणी आणि दोन राजांची आई झालेली ही बाई इतिहासात राहिली ती माहेरच्या नावाने. १८१५च्या अखेरीस जेन ऑस्टिनने आपल्या कादंबरीला ‘एमा’ नाव दिलं, तोवर ते परकं राहिलंच नव्हतं. २०१०मध्ये सोनम कपूरची ‘आयशा’ पाहिलीत ना? ती हीच एमा, दिल्लीत आलेली.

आणि एल्फगिफू? आज कुणी मुलीचं हे नाव ठेवल्याचं ऐकलंय?

आपल्याकडेही तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. फोटो मस्त येतो, पेढेही वाटले जातात. तुमच्यासमोर ते ताट आलं, तर तांदळात बोट घालण्याआधी एक मिनिट थांबा. तुमचं नाव तुम्हाला आवडतं? मग तेच लिहा की!