टी-शर्टवरची शाई : कोणती, कशी?
प्लास्टिसोल म्हणजे पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला लवचीक ठेवणारा द्रव. ही शाई हवेत वाळत नाही, त्यामुळे छपाईच्या स्क्रीनची जाळी बुजत नाही. साधारण १६० अंश सेल्सियस उष्णता मिळाली की मगच पक्की होते. काळ्या कापडावरही रंग ठळक उठतो. पण छाप थरासारखी वर बसते आणि दमट उकाड्यात छातीवरचा मोठा थर नकोसा होतो. वॉटर-बेस शाई धाग्यात मुरते, हाताला फारशी जाणवत नाही. गडद कापडावर मात्र फिकी पडते. तिथे डिस्चार्ज शाई कापडाचा मूळ रंगच काढते, तेही मुख्यतः सुती कापडावर. रोजच्या सुती टी-शर्टसाठी वॉटर-बेसच उत्तम. प्लास्टिसोलच्या छपाईवर थेट इस्त्री फिरवू नका. टी-शर्ट उलटा करून घ्या.