धाराशिवकडील हिंवाळा

हिंवाळा म्हटला म्हणजे मोठ्या शहरांतील मनुष्याच्या डोळ्यांपुढें कांहीं ठराविक चित्रें उभीं राहतात. सकाळचें धुकें, चहाच्या टपरीभोंवतीं जमलेला घोळका, पेटींतून बाहेर निघालेलीं लोंकरीचीं वस्त्रें आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळणाऱ्या गरम शेंगा, एवढ्यांत त्याचा हिंवाळा सामावतो. हीं सुखें लहान असलीं तरी खोटीं नव्हेत. तथापि तीं बहुतांशीं विकत मिळणारीं आहेत, आणि विकत मिळणाऱ्या वस्तूच्या मागें कोणतें शेत उभें आहे याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. धाराशिव शहराची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथील हिंवाळा शहरांत तयार होत नाहीं, तो शेतांतून येतो. आणि वर्षांतून एका दिवशीं सबंध शहरच त्याच्या भेटीला शेतांत जातें.

धाराशिव हें बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून अधिक उंचीवर वसलेलें गांव. निजामी अमलांत त्याला उस्मानाबाद हें नांव मिळालें. पुढें २०२३ सालीं ‘धाराशिव’ हें जुनें नांव सरकारी व्यवहारांत पुन्हां रूढ झालें. समुद्र येथून दूर आहे. पावसाळा सरला कीं हवा कोरडी होते आणि आकाश निरभ्र राहतें. दिवसां तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता मोकळ्या आकाशांत सोडून देते. तिला अडविणारें ढगांचें पांघरूण वर नसतें. त्यामुळें डिसेंबर-जानेवारींत पहांटेचा पारा पुष्कळदां १० ते १५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उतरतो, आणि दुपारीं मात्र सदरा देखील जड वाटावा इतकें ऊन पडतें. एकाच दिवसांत दोन ऋतूंचा अनुभव देणारा असा हा हिंवाळा आहे. मनुष्याला गारठवून घरांत कोंडून ठेवणाऱ्या थंडीपैकीं ही थंडी नव्हे. ती त्याला शेकोटीपाशीं, ओट्यावरच्या कोंवळ्या उन्हांत, चार माणसांत आणून बसविते.

पहांटे गल्लीच्या तोंडाशीं काटक्याकुटक्यांची शेकोटी पेटते. तिच्याभोंवतीं दूधवाला, शाळेला निघालेलें पोर आणि मफलर गुंडाळलेले पेन्शनर एकाच वर्तुळांत बसतात. घरांत वाकळ आणि घोंगडी यांची ऊब सोडवत नाहीं. चुलीवर तीळ लावलेली बाजरीची भाकरी फुगते आणि तिच्यावर लोण्याचा गोळा विरघळतो. आठ-नऊच्या सुमारास खेड्यांतून आलेल्या बायका हरभऱ्याचे डहाळे, बोरें, पेरू आणि तुरीच्या हिरव्या शेंगा घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. कचेरीला निघालेला मनुष्य डहाळ्यांची एक पेंढी घेतो आणि घाटे सोलीत सोलीत पुढें जातो. आंबट-खारट पानांची चव बोटांना दिवसभर राहते. या सुखाला मोल फार थोडें पडतें. परंतु तें मिळण्यासाठीं हरभऱ्याचें शेत शहरापासून सकाळच्या प्रवासाइतकेंच लांब असावें लागतें, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे.

या सर्व हिंवाळी मेव्याचा राजा म्हणजे हुरडा. हुरडा ही कांहीं निराळी वस्तु नव्हे. ज्वारीच्या दाण्याची ती एक अवस्था आहे. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरांत पेरली जाते. तिला पुढें पाऊस जवळजवळ मिळत नाहीं. जिल्ह्यांत वर्षाकांठीं सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यांतला जो ओलावा खोल काळ्या जमिनीनें पोटांत धरून ठेवलेला असतो त्यावरच हें पीक वाढतें. काळी माती ओली झाली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे भेगाळते. या भेगांतून ओल उडून जाऊं नये म्हणून शेतकरी कोळपे चालवून त्या बुजवितो. अशा रीतीनें जपलेल्या पिकाला डिसेंबराच्या सुमारास कणसें येतात. फुलोऱ्यानंतर प्रथम दाण्यांत दुधासारखा रस भरतो. पुढें तो घट्ट होऊं लागतो. सुमारें महिन्याभरानें दाणा मऊ, हिरवा आणि गोड असतो. त्या वेळीं त्यांत विरघळणारी साखर पुष्कळ असते. थोड्याच दिवसांत या साखरेचें पिष्ट बनतें, दाणा कडक होतो आणि गोडी जाते. हुरड्याचा काळ तो एवढाच. गोडी आणि कठीणपणा यांच्या मधल्या या आठ-दहा दिवसांसाठीं मनुष्य वर्षभर वाट पाहतो.

हुरडा शेतांतच खावा असा जो जुना दंडक आहे, त्याचें कारणहि येथेंच सांपडतें. कणीस तोडल्यावर त्याची गोडी हळूहळू कमी होऊं लागते. म्हणून शेताच्या बांधावर लहानसा खड्डा करून त्यांत गोवऱ्यांची आगटी पेटवितात. निखारे धरले कीं कणसें त्या गरम राखेंत खुपसतात. भाजलेलें कणीस तळहातांवर चोळलें म्हणजे वाफाळलेले हिरवे दाणे मोकळे होतात. फुंकर मारून कोंडा उडविला कीं हुरडा तयार. त्याच्यासोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही असलें म्हणजे दुसऱ्या पक्वान्नाची आठवण होत नाहीं. गुळभेंडी, सुरती, कुचकुची हे हुरड्याचे खास वाण होत; यांचे दाणे कणसांतून सहज सुटतात आणि चवीला गोड असतात. कडब्यासाठीं आणि भाकरीसाठीं प्रसिद्ध असलेली मालदांडी निराळी. चोळणाऱ्याचे हात भाजतात, खाणाऱ्याचें पोट भरतें आणि दोघांचेंहि बोलणें संपत नाहीं.

परंतु हुरडा हें निमंत्रितांचें सुख झालें. सबंध शहराला शेतांत नेणारा दिवस म्हणजे मार्गशीर्षांतली अमावास्या. तिला या भागांत ‘वेळ अमावास्या’ आणि बोलण्यांत ‘येळवस’ म्हणतात. ही तिथि चांद्र पंचांगाची असल्यामुळें इंग्रजी तारखेप्रमाणें ती मागेंपुढें सरकते. २०२४ या एकाच वर्षांत ती ११ जानेवारीस आणि पुन्हां ३० डिसेंबरास आली. २०२५ सालीं ती १९ डिसेंबरास होती. एकूण पाहतां डिसेंबराच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे ज्वारी निसवून दाणा धरीत असतांना आणि हरभऱ्याला घाटे लागत असतांना, हा दिवस येतो. पिकाच्या वाढींतील ज्या क्षणीं शेत सर्वांत भरलेलें दिसतें, नेमका तो क्षण लोकांनीं सणासाठीं निवडला आहे.

या सणाची तयारी आदल्या दिवसापासून चालते. ज्वारीचें पीठ ताकांत कालवून तें आंबवितात आणि त्याची आंबील करतात. ओला हरभरा, तुरीचे व वालाचे दाणे, वाटाणा, शेंगदाणे आणि हातीं लागतील त्या पालेभाज्या बेसनांत शिजवून ‘भज्जी’ होते. तळलेल्या भज्यांशीं तिचा नांवापलीकडे संबंध नाहीं. बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाच्या भाकरी, शेंगदाण्याची पोळी आणि गव्हाची खीर हे पदार्थ तिच्या जोडीला असतात. सकाळीं हें सर्व टोपल्यांत भरून आणि आंबिलीचें मडकें डोक्यावर घेऊन घरचीं माणसें शेताची वाट धरतात. शेतांत कडब्याच्या पेंढ्यांची लहानशी कोप उभी केलेली असते. तींत मातीचे किंवा दगडाचे पांडव मांडून त्यांना चुना व कुंकू लावतात, पूजा करतात आणि नंतर पिकाभोंवतीं फिरून आंबील व अन्न शिंपडतात. ज्या काळ्या आईनें वर्षाचें अन्न दिलें, तिचा घास प्रथम तिला, ही या विधीमागची समजूत आहे. मग झाडाखालीं पंगत बसते, मुलें फांद्यांना झोके बांधतात, आणि कांहीं गांवांत सायंकाळीं गवताचा वा कडब्याचा पेटता हेंडगा घेऊन तरुण मुलें शेतांतून धावतात.

त्या दिवशीं धाराशिव शहर पाहण्यासारखें असतें, कारण तेथें पाहण्यासारखें कांहींच उरत नाहीं. बाजारपेठेंतील दुकानें बंद, रस्ते मोकळे, रिक्षांचे तळ ओस. जिल्हाधिकारी आपल्या अधिकारांतील स्थानिक सुट्ट्यांपैकीं एक बहुधा या दिवसाला देतात. दंगा नाहीं, बंद नाहीं, कोणाचा हुकूम नाहीं; तरी एक लाखाहून अधिक वस्तीचें गांव आपण होऊन रिकामें होतें. शेजारच्या लातुरांतहि हेंच दृश्य दिसतें, आणि त्यांत नवल नाहीं. १९८२ सालीं वेगळा होईपर्यंत लातूर हा याच जिल्ह्याचा भाग होता. पुण्या-मुंबईला नोकरीसाठीं गेलेलीं मुलें दिवाळीला न आलीं तरी येळवशीला येतात. ज्याला स्वतःचें शेत नाहीं त्याचीहि अडचण होत नाहीं. शेजारी, सहकारी, दुकानदाराचें गिऱ्हाईक, भाड्यानें राहणारा परगांवचा मास्तर या सर्वांना आग्रहाचें बोलावणें असतें. या दिवशीं कोणाच्या तरी शेतांत जेवल्यावांचून राहणें हें येथें एकटेपणाचें लक्षण समजलें जातें.

२०११ च्या जनगणनेप्रमाणें जिल्ह्याच्या १६ लाख ५७ हजार वस्तींपैकीं शंभरांत सुमारें १७ माणसेंच शहरांत राहत होतीं. धाराशिव, तुळजापूर किंवा उमरगा येथील बहुतेक कुटुंबांचें मूळ अजून एक-दोन पिढ्यांच्या अंतरावर कोठल्या तरी शिवारांत आहे. शहर येथें खेड्यापासून तुटलेलें नाहीं. तें खेड्याचाच वाढलेला ओटा आहे.

या सणाच्या नांवांतहि एक इतिहास दडला आहे. सीमेपलीकडे बीदर, कलबुर्गी आणि विजयपूर या कन्नड भागांत याच दिवसाला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात. कन्नडांत ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. तेथेंहि शेतांत अन्न शिंपडतात आणि त्याला ‘चरग’ म्हणतात. कन्नड ‘एळ्ळ’चें मराठी जिभेनें ‘येळ’ केलें आणि पुढें शुद्ध बोलणाऱ्यांनीं ‘येळ’चें ‘वेळ’ केलें, असें सामान्यतः मानलें जातें. १९४८ पर्यंत विजयपूर सोडून हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. पुढें भाषावार राज्यांच्या सीमा मध्यें आल्या. कडब्याच्या कोपीला मात्र त्या सीमा ठाऊक नाहींत. काळी जमीन जेथवर पसरली आहे तेथवर हा सण पसरला आहे.

येळवशीला शेतांत जाऊन जें पाहिलें, तेंच पुढें संक्रांतीला घरांत येतें. भोगीच्या दिवशीं ओल्या दाण्यांची भाजी आणि तिळाची बाजरीची भाकरी होते. दुसऱ्या दिवशीं सुवासिनी मातीच्या सुगडांत ऊंस, बोरें, गाजर, हरभरे आणि गव्हाच्या ओंब्या भरून एकमेकींना वाण देतात. लहान मुलांच्या डोक्यावरून बोरन्हाणाचीं बोरें ओघळतात. त्याच पौषांत तुळजापुरास भवानीचें शाकंभरी नवरात्र बसतें. शाकंभरी म्हणजे भाजीपाल्यानें जगाला पोसणारी देवी. सण निराळे असले तरी त्यांचा व्यापार एकच: हिरवा दाणा वाळण्यापूर्वीं त्याचें कौतुक करून घेणें.

आतां या सुखांना एक धास्ती लागली आहे, तिचा विचार करणें प्राप्त आहे. गेल्या कांहीं दशकांत या जिल्ह्यांत सोयाबीनचें क्षेत्र फार वाढलें. तें पावसाळ्यांत येऊन लवकर निघतें आणि रोख पैसा देतें. पाण्याची सोय झाली तेथें ऊंस आला. रब्बीच्या ज्वारीला मात्र खोल जमीन, सबंध हंगाम आणि काढणीला पुष्कळ हात लागतात. ताटें उपटून काढण्याच्या कष्टाला मजूर मिळत नाहींत, आणि पांखरांची राखण करायला घरांत माणूस नसतो. शेतकऱ्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. १९७२, २०१२ आणि २०१५ या वर्षांच्या अवर्षणांनीं पोळलेला मनुष्य पैसा लवकर हातीं येईल असेंच पीक निवडणार. परंतु परिणाम उघड आहे. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्यांचें म्हणून साजरें केलें. त्याच काळांत पुष्कळ शिवारांत येळवशीची कोप हरभऱ्याच्या मोकळ्या रानांत उभी राहूं लागली आणि कडबा दुसऱ्याच्या शेतांतून मागून आणावा लागूं लागला.

दुसरीकडे मोठ्या शहरांजवळ तिकीट लावून हुरड्याच्या मेजवान्या होतात. त्यांतहि वाईट कांहीं नाहीं. त्यामुळें हुरड्याच्या वाणांना भाव मिळतो आणि एखाद्या शेतकऱ्याला ज्वारी ठेवणें परवडतें. मात्र तिकिटाच्या हुरड्यांत आणि येळवशीच्या भज्जींत एक फरक राहतोच. पहिल्यांत खाणारा पाहुणा असतो व शेत हें स्थळ असतें. दुसऱ्यांत शेत हेंच यजमान असतें, आणि मालकासकट सारे त्याचे पाहुणे असतात.

हा फरक टिकविण्यासाठीं मोठ्या योजनांची वाट पाहण्याचें कारण नाहीं. अजूनहि अनेक घरांत आठ-दहा एकर सोयाबीन-हरभऱ्याच्या जोडीला दहा-बारा गुंठे ज्वारी केवळ घरच्या भाकरीसाठीं, जनावराच्या वैरणीसाठीं आणि लेंकरांच्या हुरड्यासाठीं पेरतात. हिशेबाच्या वहींत तो तुकडा तोट्याचा दिसेल. पण मार्गशीर्षाच्या अमावास्येला शहराचीं कुलुपें लावून माणसें जेव्हां बाहेर पडतात, तेव्हां त्यांना जायला ठिकाण असतें तें त्याच तुकड्यामुळें.