ठग म्हणजे गुंड नव्हे

१८५३ साली निजामाने धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गला कारभार पाहायला आला. आजच्या बेंबळीभोवतीचा आपला टापू तेव्हा याच मुलखात मोडत होता. ‘ठग’ हा आपला शब्द इंग्रजी वाचकांच्या तोंडी रुळवण्यात टेलरचा वाटा मोठा. या शब्दाभोवतीचे काही गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : ‘थग’ हा मूळचा इंग्रजी शब्द, अर्थ गुंड.
वस्तुस्थिती : हा शब्द इथून तिकडे गेला. त्याचे मूळ संस्कृत ‘स्थग्’ या धातूत सापडते. अर्थ झाकणे, लपवणे. गुंड हा अर्थ इंग्रजीत पुढे चिकटला. मराठीने ‘ठग’चा ‘फसवणारा’ हा मूळ अर्थ जपला आहे : ठकवणे, ठकसेन, ठकास महाठक.

गैरसमज : ठग म्हणजे दरोडेखोर.
वस्तुस्थिती : दरोडेखोर उघड हल्ला करतो. ठग वाटसरू बनून सोबत चालत, गोड बोलत, एका पंगतीला जेवत. मुक्कामावर ठरलेला इशारा झाला की रुमालाने गळा आवळत, प्रेत पुरत आणि माल घेऊन पुढे निघत.

गैरसमज : ठग देवीला बळी देण्यासाठीच मारत.
वस्तुस्थिती : भवानीवर त्यांची श्रद्धा होती, पण सावज निवडले जाई ते जवळचा पैसा पाहून. टोळ्यांत हिंदू आणि मुसलमान दोघेही असत.

गैरसमज : टेलरचे ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ हे पुस्तक खरा कबुलीजबाब असून ते नळदुर्गला लिहिले गेले.
वस्तुस्थिती : ती कादंबरी आहे. ठगांच्या जबान्यांचा तिला आधार आहे, पण ती १८३९ साली, म्हणजे टेलर नळदुर्गला येण्याच्या १४ वर्षे आधी, प्रसिद्ध झाली. आपल्या भागाशी खरे नाते आहे ते त्याच्या ‘तारा’ (१८६३) या कादंबरीचे. तिची नायिका तुळजापूरची आहे.

गैरसमज : ठगांचा बंदोबस्त टेलरने केला.
वस्तुस्थिती : ती मोहीम विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याची. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला.

आज फोनवरून आपुलकीने बोलत ओटीपी काढून घेणारा मूळ अर्थाने ठगच आहे. तो धमकावत नाही, आधी विश्वास कमावतो. म्हणून अनोळखी माणूस फारच जिव्हाळ्याने पैशांची चौकशी करू लागला, की फोन ठेवा आणि थेट बँकेत जाऊन विचारा.